शेतकऱ्यांच्या मुलांस लांकडी चौकटीचे धडे

खत चाळावयाची चाळणी मोडली, गोठ्याच्या दाराची चौकट सुटली किंवा बाजेचा खूर डगमगूं लागला, तर निगडी, चिखली, तळवडें या बाजूचा शेतकरी आज काय करितो? बहुधा ती वस्तु मोडींत टाकितो आणि लोखंडी अँगलची किंवा प्लास्टिकची नवी विकत आणितो. पदरीं पैसा असला म्हणजे यांत कांहीं वावगें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु बोटभर सुटलेला एक सांधा घरच्या घरीं बसवितां येऊं नये, आणि तो बसविणारा मनुष्य पंचक्रोशींत कोठें आहे हेंहि ठाऊक असूं नये, ही स्थिति शेती करणाऱ्या घरास शोभणारी नाहीं व परवडणारीहि नाहीं. म्हणून पिकें व खतें या नेहमींच्या विषयांतून थोडें बाजूस होऊन, शाळेंतील मुलांस लांकडी चौकट व तिचे साधे सांधे कसे शिकवावे, यासंबंधीं आमचे विचार वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हें काम पूर्वीं गांवच्या सुताराकडे असे. नांगर, कुळव, पाभर, मोटेचें सामान हें त्यानें करावें, मोडल्यास दुरुस्त करावें, आणि सुगीच्या वेळीं खळ्यावर येऊन आपलें बलुतें न्यावें, असा क्रम होता. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गांवगाडा’ या ग्रंथांत या व्यवस्थेचें वर्णन आहे. तिची आठवण काढून हळहळणारे पुष्कळ भेटतात. आम्ही त्यांपैकीं नाहीं. बलुत्याच्या पेंढ्या मोजतांना खातेदाराचा हात आखडे. सुताराची विद्या त्याच्या घराबाहेर जात नसे. शिकूं इच्छिणाऱ्या दुसऱ्या जातीच्या मुलास ती मिळणें कठीण, आणि सुताराच्या मुलास दुसरा धंदा मिळणें त्याहून कठीण. १९१० मध्यें किर्लोस्करवाडीस कारखाना उभा राहिला व लोखंडी नांगराचा प्रसार वाढत गेला; पुढें मोटेची जागा एंजिनानें व विजेच्या पंपानें घेतली, बैलांची ट्रॅक्टरनें घेतली, आणि सुताराचें वर्षाचें बांधलेलें काम सुटलें. तो शहरांत इमारतींच्या सेंट्रिंगवर व फर्निचरच्या दुकानांत गेला. त्यांत त्याचें बरेंच झालें. परंतु त्याची पटाशी त्याच्याबरोबर गेली, आणि ती धरण्यास गांवांत दुसरा हात तयार झालेला नव्हता.

निगडीच्या आसपास तर हें फारच झपाट्यानें घडलें. १९५४ मध्यें पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना निघाला. १९६२ मध्यें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरीच्या माळांवर कारखान्यांची रांग लागली. १९७२ मध्यें नवनगर विकास प्राधिकरण झालें आणि निगडीकडील शेतजमिनीचे घरांसाठीं भूखंड पडले. तें प्राधिकरण २०२१ मध्यें मोडलें, तरी निगडीच्या त्या भागास लोक अद्याप ‘प्राधिकरण’ असेंच म्हणतात. ज्यांची थोडीबहुत जमीन चिखली, मोशी, देहू या बाजूस किंवा मावळांत उरली आहे, त्यांच्या मुलांची दृष्टि आतां चाकणच्या कारखान्यांकडे असते. मोबाइल उघडून त्याचा पडदा बदलणारीं मुलें आम्हांस ठाऊक आहेत. परंतु दोन पट्ट्या काटकोनांत जोडून दे म्हटलें कीं तींच मुलें खिळा शोधूं लागतात.

खिळ्यानें चौकट होते, पण टिकत नाहीं. आणि कां टिकत नाहीं हें समजणें हाच या शिक्षणाचा पहिला धडा होय. लांकूड म्हणजे लांबीच्या दिशेनें जाणाऱ्या तंतूंची मोळी. खिळा तंतूंस आडवा गेला तर ते त्यास आवळून धरितात. पट्टीच्या टोंकांत, तंतूंच्याच दिशेनें, तो ठोकला तर ते नुसते बाजूस सरतात व पकड फार थोडी राहते. चौकटीच्या कोपऱ्यांत एका पट्टीचें टोंक दुसरीच्या कडेस भिडतें, म्हणून खिळ्याचें अणकुचीदार अंग नेमकें याच वाईट जागीं जातें. शिवाय चार बाजूंच्या आकृतीस स्वतःचा ताठपणा नसतो. बांबूच्या तीन कांबी टोंकांशीं एकेका खिळ्यानें जोडाव्या. त्रिकोण हलत नाहीं. चार जोडाव्या, चौकोन तिरपा होऊन पडतो. वर्गांत हें दोन मिनिटांत दाखवितां येतें व मुलें तें विसरत नाहींत. चौकोन ताठ ठेवावयाचा तर एक तर कर्णावर पट्टी मारिली पाहिजे, नाहीं तर कोपऱ्यांतच लांकडाची लांकडास रुंद मिठी पडली पाहिजे. त्या मिठीलाच सांधा म्हणतात.

असें शिक्षण खेड्यांतील साध्या शाळेंत देतां येतें काय, अशी शंका ज्यांस असेल त्यांनीं चाकणवरून राजगुरुनगरास जाऊन तेथून पूर्वेस शिरूर तालुक्यांतील पाबळ हें गांव पाहून यावें. पाबळ हें कमी पावसाचें गांव. तेथें १९८३ मध्यें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं विज्ञान आश्रम काढला. अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट घेतलेले आणि मोठ्या कंपनीच्या संशोधनशाळेंत काम केलेले हे शास्त्रज्ञ, खेड्यांतील मुलें शाळा कां सोडतात या प्रश्नामागें लागून पाबळास राहावयास आले. त्यांनीं हायस्कुलांत आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठीं मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम सुरू केला. आठवड्यांतील एक दिवस हातानें कामाचा. त्यांत यंत्रकाम व बांधकाम, ऊर्जा व पर्यावरण, शेती व जनावरें, घर व आरोग्य असे चार भाग. सुतारकाम पहिल्या भागांत येतें. पुढें राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळानें या विषयास मान्यता दिली आणि इतर शाळांनींहि तो घेतला. कलबाग २००३ मध्यें निवर्तले. आश्रम व अभ्यासक्रम त्यांच्यामागेंहि चालले.

या पद्धतींतील एक गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. मुलें जें शिकतात त्याचीं लहान कामें तीं गांवांतील लोकांस करून देतात आणि मालाची किंमत व मजुरी आकारतात. प्रदर्शनांत मांडलेल्या वस्तूस सर्वच ‘छान’ म्हणतात. पैसे मोजणारा मनुष्य ती उलटीसुलटी करून पाहतो, हलवितो, आणि सांधा वाजला तर परत करितो. असा परीक्षक कोणत्याहि बोर्डास मिळावयाचा नाहीं.

मूळ कल्पना कांहीं नवी नव्हे. फिनलंड देशांत १८६६ मध्यें उनो सिग्नेयस यांच्या प्रयत्नानें खेड्यांतील शाळांत हस्तकाम सक्तीचें झालें. पुढें स्वीडनमध्यें नेस येथें ओटो सालोमोन यांनीं शिक्षकांची शाळा चालवून सुतारकामाचे क्रमवार धडे बसविले. वस्तु घरच्या उपयोगाची असावी, आणि सोप्याकडून अवघडाकडे जावें, असा त्यांचा दंडक होता. आपल्याकडे ऑक्टोबर १९३७ मध्यें वर्ध्यास महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें मूलोद्योगी शिक्षणाची योजना आंखली. तींत कांतणें-विणणें व शेती यांच्याबरोबर सुतारकामहि मूलोद्योग म्हणून होतें. उद्योगांतूनच गणित, भूगोल, शास्त्र निघावें, असा तिचा आशय. पुढें तकली राहिली आणि गणित निघून गेलें, असें पुष्कळ शाळांचें झालें. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें सहावी ते आठवीच्या मुलांस दहा दिवस दप्तरावांचून शाळेबाहेर, सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांपाशीं शिकूं द्यावें, असें पुन्हां सुचविलें आहे. सुताराचें नांव त्यांत स्पष्ट आहे. तेव्हां शाळेपाशीं बोलावयास गेलेल्या पालकास हा आधार पुरेसा आहे.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. पहिली चौकट म्हणून आम्ही खत-माती चाळावयाच्या चाळणीची निवड करूं. ती रोपवाटिकेंत नेहमीं लागते, मुलाच्या दोन हातांनीं पेलते, आणि बिघडली तरी लांकूड फारसें वायां जात नाहीं. तिचें बाहेरचें माप ६० सेंटिमीटर लांब व ४५ सेंटिमीटर रुंद ठेवावें. हें माप सहज घेतलेलें नाहीं. ३, ४ व ५ या मापांच्या बाजूंचा त्रिकोण काटकोनी असतो, हें गवंड्यास पक्कें ठाऊक असतें. पाया आंखतांना तो दोरीवर याच मापांनीं काटकोन काढितो. ४५ म्हणजे तीन पंधरा, ६० म्हणजे चार पंधरा. तेव्हां या चौकटीचा कर्ण पांच पंधरा, म्हणजे बरोबर ७५ सेंटिमीटर भरला पाहिजे. मास्तरांनीं तपासण्याची वाट न पाहतां मूल स्वतःच पट्टी लावून आपली चौकट खरी कीं खोटी हें ठरवूं शकतें. एक कर्ण अधिक व दुसरा कमी आला तर चौकट तिरपी झाली. दोन्ही सारखे पण ७५ हून कमी आले तर पट्ट्यांची लांबी चुकली. ‘साधारण बरोबर’ या शब्दास येथें जागा नाहीं.

लांकूड कोणतें घ्यावें? निगडीच्या लोकांस या बाबतींत एक सोय आहे, जी खेड्यांत नाहीं. तळवडें, भोसरी व चाकण येथील कारखान्यांत यंत्रें व सुटे भाग लांकडी खोक्यांतून व पॅलेटांवरून येतात, आणि तें लांकूड पुढें भंगारांत विकलें जातें. चिखलीजवळील कुदळवाडी हें अशा भंगाराचें मोठें ठिकाण होतें. फेब्रुवारी २०२५ मध्यें महापालिकेनें तेथील गोदामें मोठ्या प्रमाणावर पाडलीं. तथापि खोकीं फुटावयाचीं थांबलेलीं नाहींत. त्यांतील पुष्कळसें लांकूड पाईन जातीचें, हलकें व सरळ तंतूंचें असतें. तें पटाशीस लवकर वश होतें, म्हणून नवशिक्यास उत्तम. मात्र घेण्यापूर्वीं त्यावरील शिक्का पाहावा. परदेशी मालाच्या लांकडावर गव्हाच्या ओंबीचें चित्र व शेजारीं अक्षरें डागलेलीं असतात. ‘एचटी’ अशीं अक्षरें असलीं तर तें लांकूड कीड मारण्यासाठीं गाभ्यापर्यंत ५६ अंश सेंटिग्रेडला ३० मिनिटें तापविलेलें आहे. ‘एमबी’ असलीं तर त्यास मेथिल ब्रोमाइडची विषारी धुरी दिलेली आहे. तें मुलांच्या हातीं देऊं नये. जुने खिळे एकूण एक काढावे. लांकडांत राहिलेला एक खिळा करवतीच्या व रंध्याच्या धारेचा सत्यानाश करितो.

बांधावरची बाभूळ पुढच्या धड्यासाठीं राखावी. औतें व गाड्या यांसाठीं बाभळीचा उपयोग आपल्या वाडवडिलांनीं केला तो तिच्या चिवटपणामुळें. ताजें लांकूड कांहीं महिने पाण्यांत बुडवून ठेवण्याची जुनी चाल आहे व ती शहाणपणाची आहे. त्यामुळें लांकडांतील रस निघून जातो व भुंगा कमी लागतो. नंतर सावलींत, फळ्यांच्या मधें पट्ट्या घालून, वारा खेळेल असें रचून वाळवावें. फळीच्या इंचभर जाडीस एक वर्ष, असा ढोबळ हिशेब सांगतात. निलगिरी पुष्कळांच्या बांधावर आहे, परंतु ती वाळतांना पिळते व फाटते. चौकटीस तिची शिफारस आम्ही करणार नाहीं. आणि महापालिकेच्या हद्दींत स्वतःच्या आवारांतील झाड तोडावयाचें झालें तरी १९७५ च्या कायद्याप्रमाणें वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हें विसरूं नये.

चाळणीसाठीं ५ सेंटिमीटर रुंद व अडीच सेंटिमीटर जाड अशा पट्ट्या घ्याव्या. दोन ६० च्या, दोन ४५ च्या. प्रत्येक पट्टीची आधीं एक बाजू व तिला लागून असलेली एक कड रंध्यानें सपाट व एकमेकींस काटकोनांत करावी आणि त्यांवर पेन्सिलीची खूण करावी. पुढचीं सर्व मापें या खुणेच्या बाजूंवरूनच घ्यावयाचीं. हें मुलांस कंटाळवाणें वाटतें आणि तीं सरळ करवतीस हात घालतात. येथें शिकविणाऱ्यानें मुळींच ढील देऊं नये.

कोपऱ्यांत अर्ध्या खांचेचा सांधा घालावा. कारखान्यांतील सुतार त्यास ‘हाफ लॅप’ म्हणतात. दोन्ही पट्ट्यांच्या टोंकांतून ५ सेंटिमीटर लांब व सव्वा सेंटिमीटर खोल असा ठोकळा काढावयाचा, एकीचा वरून व दुसरीचा खालून, म्हणजे त्या एकमेकींवर बसून पुन्हां अडीच सेंटिमीटर जाडी होते. ५ सेंटिमीटर हें माप पट्टीनें मोजूं नये. जी पट्टी तेथें बसावयाची तीच वर ठेवून तिच्या कडेनें खूण करावी. लांकूड कागदावरच्या मापाएवढें क्वचितच असतें, आणि सांधा बसतो तो लांकडांत, कागदावर नव्हे. खूण पेन्सिलीनें न करितां चाकूच्या टोंकानें करावी. तंतु तुटून रेघ स्वच्छ येते व पटाशीस बसावयास खांच मिळते. खोलीची रेघ ओढतांना समांतर रेघेचें साधन सर्व पट्ट्यांवर खुणेच्याच बाजूनें धरावें. येथें एक मौज आहे. रेघ बरोबर मध्यावर नसली, केंसभर वर-खालीं असली, तरी एका पट्टीचा जेवढा भाग जातो तेवढाच दुसरीचा राहतो, आणि वरचीं अंगें जुळून येतात. एका पट्टीवर ती एका बाजूनें व दुसरीवर दुसऱ्या बाजूनें ओढली कीं चूक दुप्पट झाली.

मग करवत. करवतीची वाट दीडएक मिलिमीटर रुंद असते. मुलें ती नेमकी रेघेवर चालवितात, आणि रेघच नाहींशी होते. करवत नेहमीं टाकावयाच्या अंगास, रेघेला खेटून चालवावी, व काम झाल्यावर रेघ अर्धी दिसत राहावी. आडवे दोन-तीन काप खोलीपर्यंत घेऊन मधले तुकडे पटाशीनें उडवावे. एका कडेकडून मध्यापर्यंत, मग पट्टी फिरवून दुसऱ्या कडेकडून मध्यापर्यंत. एकाच बाजूनें आरपार गेलें तर पलीकडची कड फुटून येते. पट्टी शिकंज्यांत आवळलेली असावी आणि दोन्ही हात धारेच्या मागें असावे. हा नियम न पाळणाऱ्या मुलास त्या दिवशीं पटाशी देऊं नये. बोथट पटाशी मुलांस निर्भय वाटते. वस्तुतः तीच अधिक घातक, कारण तिला जोर लागतो व ती सटकते. म्हणून पहिला संबंध दिवस दगडावर धार लावण्यांत गेला तरी तो फुकट गेला असें समजूं नये.

सांधे आधीं कोरडेच बसवून पाहावे. हातानें दाबून बसावा, उचलल्यास आपोआप गळूं नये, हें त्याचें माप. मोगरीनें ठोकून बसवावा लागला तर लांकूड चिरतें. ढिला झाला तर सरस ती फट भरून काढील ही आशा व्यर्थ आहे. चारी कोपऱ्यांवर क-क, ख-ख अशीं अक्षरें घालावीं. मग पांढरा सरस लावून, चौकट सपाट जागीं ठेवून, शिकंजे आवळून कर्ण मोजावे. ७५ न आल्यास जो कर्ण अधिक असेल त्याच्या दोन टोंकांवर हलकेंच दाबावें. सरस ओला आहे तोंवर चौकट ऐकते, सुकल्यावर ऐकत नाहीं. दुसऱ्या दिवशीं प्रत्येक सांध्यांत गिरमिटानें दोन भोंकें तिरक्या रांगेंत पाडून बांबूच्या खुंट्या ठोकाव्या. खालीं जाळी ठोकली कीं चाळणी झाली.

याच चाळणींत गणित किती आहे तें पाहा. चार पट्ट्यांची लांबी मिळून २१० सेंटिमीटर, म्हणजे लांकूड २,६२५ घन सेंटिमीटर लागलें. तयार चौकटीचें आंतील मोकळें क्षेत्र ५० गुणिले ३५. तें बाहेरच्या क्षेत्रांतून वजा करून जाडीनें गुणिलें तर २,३७५ येतात. मग २५० घन सेंटिमीटर लांकूड कोठें गेलें? चार सांध्यांतून काढलेल्या आठ ठोकळ्यांत. सातवीच्या मुलास हा प्रश्न फळ्यावर घातला तर तो सूत्र आठवीत बसेल. येथें उत्तर त्याच्या पायाशीं भुग्यांत पडलेलें असतें.

दुसरी चौकट कुसवाची. आडव्या पट्टीच्या टोंकास जीभ काढावयाची, तिला सुतार कुसूं म्हणतात, आणि उभ्या पट्टींत ती शिरण्यास भोंक पाडावयाचें. कुसवाची जाडी पट्टीच्या जाडीच्या सुमारें एक-तृतीयांश असावी. जाड केलें तर भोंकाच्या भिंती दुबळ्या होतात, बारीक केलें तर कुसूंच मोडतें. खरें माप मात्र हातांतील पटाशीची रुंदीच ठरविते. भोंक आधीं पाडावें, दोन्ही बाजूंनीं अर्धें-अर्धें, आणि मग त्याच्या बेतानें कुसूं कापावें. कुसूं थोडें थोडें तासतां येतें, भोंक एकदां मोठें झालें कीं लहान होत नाहीं. उभी पट्टी कोपऱ्यापुढें दोन बोटें लांब ठेवावी, म्हणजे भोंक पाडतांना टोंक फुटत नाहीं. काम झाल्यावर तेवढें कापून टाकावें. जुन्या वाड्यांच्या दारांत चौकटीचें वरचें लांकूड दोन्ही बाजूंस भिंतींत शिरलेलें दिसतें तें कांहीं शोभेसाठीं नव्हे: सांध्यापुढें लांकूड राहतें, तो उघडत नाहीं, आणि भिंतहि त्यास धरिते.

चांगल्या सुताराची एक युक्ति येथें सांगण्यासारखी आहे. कुसूं भोंकांत बसवून त्यांतून आडवी खुंटी घालावयाची असते. ही खुंटी घालण्याचें भोंक तो बाहेरच्या पट्टींत व कुसवांत एकाच रेषेंत पाडीत नाहीं. कुसवांतील भोंक केंसभर खांद्याकडे सरकवितो. खुंटी आंत जातांना वाट सरळ करूं पाहते आणि कुसवास आंत ओढून घेते. सरस नसतांहि असा सांधा घट्ट राहतो. हें पुस्तकांत वाचून कळतें, पण केंसभर म्हणजे किती हें हातानेंच कळतें, आणि तें सांगण्यास सुतार पाहिजे.

म्हणून आमचा आग्रह आहे कीं हा वर्ग सुतारानेंच घ्यावा. शाळेंतील शिक्षकांनीं शेजारीं बसून भूमिति व शास्त्र जोडून द्यावें. निगडी-चिंचवडच्या बाजूस वयस्क झालेले, फर्निचरच्या यंत्रांमुळें व प्लायवूडमुळें हातचें काम कमी झालेले अनेक कारागीर आहेत. त्यांस बोलवावें, ‘मिस्त्री’ म्हणून कोपऱ्यांत उभें न करितां मास्तर म्हणून खुर्ची द्यावी, आणि तासाचें योग्य मानधन रोख द्यावें. बलुत्यांत जो हिशेब कधीं नीट झाला नाहीं तो येथें तरी व्हावा. शाळेपाशीं पैसा नसेल तर आमच्या सारख्या संस्थांनीं व खातेदार पालकांनीं वर्गणी करावी. सामान फार लागत नाहीं. चार मुलांमागें बारीक दात्यांची एक करवत, दोन पटाश्या, एक रंधा, गुण्या, मोगरी, दोन शिकंजे, पोलादी पट्टी व धारेचा दगड एवढ्यांत काम भागतें. एक जड टेबल असावें, व तें हलूं नये.

‘आमच्या मुलास इंजिनियर करावयाचें आहे, सुतार नव्हे,’ असें म्हणणारे पालक भेटतील. त्यांस आम्ही एवढेंच विचारूं कीं ज्यानें आपल्या हातानें दोन वस्तु एकमेकींत बसविल्या नाहींत, त्यास कारखान्यांतील नकाशावर लिहिलेल्या मिलिमीटरच्या दशांशाचा अर्थ काय समजणार? चौकट करण्यापूर्वीं मुलानें तिचीं समोरून, वरून व बाजूनें अशीं तीन चित्रें मापासह काढावीं. भोसरी-चाकणच्या कोणत्याहि कारखान्यांत उमेदवारास हींच तीन चित्रें वाचावयास देतात. दुसरी शंका मुलींविषयीं घेतली जाते. पाबळच्या वर्गांत मुली व मुलगे एकाच टेबलाशीं काम करितात, आणि पटाशीस जोर कमी व नजर अधिक लागत असल्यामुळें त्यांचे सांधे कोणत्याहि प्रकारें कमी ठरण्याचें कारण नाहीं. परीक्षेचा वेळ बुडतो, ही तिसरी शंका खरी आहे. आठवड्याचा एक दिवस जातो. तो जावा कीं नाहीं हें पालकांनीं ठरवावें. आम्हीं आपलें मत वर दिलेंच आहे.

वर्गाचा आरंभ मात्र पावसाळ्यांत करूं नये. लांकूड हवेंतील ओल पिऊन आडव्या अंगानें फुगतें व उन्हाळ्यांत आंखडतें. लांबींत त्याचा फरक नजरेंत येण्याइतकाहि होत नाहीं. श्रावणांत घट्ट बसविलेलें कुसूं चैत्रांत खडखडूं लागतें, आणि मूल समजतें कीं आपलें कापणें चुकलें. दिवाळीची सुटी संपल्यावर, मार्गशीर्षाच्या सुमारास पट्ट्या आणून पंधरा दिवस वर्गांतच ठेवाव्या, मग पहिली खूण करावी. चाळणी तयार झाल्यावर तिला जवसाच्या तेलाचे दोन हात द्यावे, पहिला सुकल्यावर दुसरा. टोंकांच्या कापांवर अधिक चोळावें, कारण ओल तेथूनच आंत शिरते. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यांत टाकूं नयेत, पसरून वाळवाव्या. जवसाच्या तेलाचा बोळा आपोआप तापून पेट घेतो.